काकांना शुगर नव्हती

लोह्यातली आपली माणसं आणि लांबून आलेले पाहुणे, सगळ्यांना नमस्कार. मी काकांची पुतणी, या शोकसभेत चार शब्द बोलते. सांभाळून घ्या.

आधी एक दुरुस्ती करते. घरी भेटायला आलेल्यांना मी सांगत होते, काका शुगरनं गेले. ते चुकीचं होतं. काल मी सगळे रिपोर्ट परत वाचले. काकांची शुगर कधीच वाढलेली नव्हती.

मला अक्षरं काकांनीच घरी शिकवली. खात्री नसेल ते लिहू नको, म्हणायचे. म्हणून खात्रीचं तेवढंच बोलते. गरम पाण्याच्या पिशवीनं त्यांचा पाय भाजला. त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली, विष अंगात भिनलं. पण पायाला चटका का कळला नाही?

पाय भाजायच्या आधीच नांदेडच्या डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. पाय बधिर का? दारू नाही, शुगर नाही, बी-ट्वेल्व्ह ठीक, अंगावर कुष्ठाचा चट्टा नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत?"

आत्या म्हणाली, "न्हाई हो साहेब. आमचं खानदान ठणठणीत हाय."

आत्या खोटं बोलली नाही. मी शेजारीच होते, मलाही ते खरं वाटलं. आजोबा गुडघे उचलून चालायचे. आत्याच्या पायातून चप्पल निसटते, तिला पत्ता नसतो. काकाही तसेच चालत आले की गाव लांबूनच ओरडायचं, "आला बघा पाटलाचा घोडा!" काकाच सगळ्यात मोठ्यानं हसायचे. आपण त्याला घराण्याची चाल म्हणालो. आजार कोण म्हणणार?

लातूरला नसांची तपासणी करायची ठरली होती. काका म्हणाले, "सोयाबीन निघू दे, मग जाऊ." सोयाबीन निघायच्या आतच पाय भाजला.

हे घराण्यातलंच होतं, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्याचीच भीती वाटते.

आत्या सकाळी म्हणाली, "सभेत बोलू नको गं, पोरींची लग्नं व्हायचीत." आत्या, माझंही व्हायचंय. पण परवा घरभर रक्ताची पावलं उमटली. आई म्हणाली, "कुणाला लागलं?" सगळे आपापले तळवे बघू लागले. मीही माझे बघितले. काच माझ्याच पायात रुतलेली होती. जरासुद्धा दुखत नव्हतं.

आता काकांसाठी घटकाभर शांत उभं राहू या. ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांनी बसूनच राहावं.

काका, शेवटचा नमस्कार. तपासणीला मी जाते. आत्यालाही घेऊन जाते. येत्या गुरुवारी.