भोंगा झाल्यावर

काय सांगू तुम्हाला, आमचं मूळ गाव यावलकडचं, चुलते अजून केळीच लावतात, पण नाना, म्हणजे माझे वडील, तरुणपणीच भुसावळला रेल्वेत लागले आणि मी जन्मलो तो क्वार्टरात, त्यामुळे केळीच्या बागेआधी मला इंजिनाची शिट्टी ओळखू आली. नाना लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते. म्हणजे वाफेचं इंजिन थंड झालं की त्याच्या पोटात शिरायचं, आतून यांनी ठोकायचं, बाहेरून दुसऱ्याने. तुम्हाला पिंपात बसवून वरून कोणी घण घातला तर कसं होईल, तसं दिवसभर. संध्याकाळी घरी आले की ओरडूनच बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत, आई म्हणायची, रागावले नाहीत रे, अजून शेडमध्येच आहेत.

तिथे तोंडाने बोलून उपयोग नाही, म्हणून त्या लोकांनी हातांनी बोलायची सवय लावून घेतलेली. डोक्यावर मूठ ठेवली की साहेब आला. दोन बोटं ओठाला, म्हणजे चहा. आणि हवेत दोरी ओढल्यासारखं केलं म्हणजे भोंगा, सुट्टी. घरीसुद्धा नानांनी ओठाला बोटं लावली की आई चहाचं आधण ठेवायची.

मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवायचो. ऐंशीनंतरची गोष्ट, मुंबईहून आलेल्या एका माणसाकडे मी सिंथेसायझर पाहिला आणि जेवण गोड लागेना. नानांना काही तो कळला नव्हता, यात हवा कुठून भरतात रे, असं विचारलं होतं त्यांनी. पण वर्षभर ओव्हरटाइम घेतला, त्याच बॉयलरमध्ये, आणि सिंथेसायझरचं खोकं घरी आलं. तोवर त्यांचा डावा कान गेला होता. उजवा नंतर हळूहळू गेला, अगदी कानाशी ओरडलं तर थोडं पोचायचं. डॉक्टर म्हणाले, शेडमधल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. खरंय, पण त्या सगळ्यांनी माझ्यासाठी ओव्हरटाइम नव्हता केला. हे मी बायकोलाही कधी नीट बोललो नाही. पट्टीवर बोट ठेवलं, सूर छान लागला, की पाठीमागे नाना बसलेले असायचे, काहीच ऐकू येत नसायचं आणि माझ्या बोटांकडे बघून मान डोलवायचे. ती मान बघवायची नाही मला.

पुढे मी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि तिथेच मला माझं खरं काम सापडलं. हे मी मोठेपणाने नाही सांगत, पण आमच्याकडे असं दुसरं कोणी करत नव्हतं. टेपरेकॉर्डर घेऊन मी फिरायचो. केळीच्या पानांवरचा वारा घेतला, धरणगावला कापसाचं जिनिंग घेतलं, सोनगीरच्या किल्ल्यावर बसून खालच्या हायवेचे ट्रक घेतले. घरी आल्यावर टेपच्या मोटरचा स्क्रू फिरवून सगळं मंद करायचो आणि त्याच्याखाली सिंथेसायझरचा एकच सूर लांबवर धरायचो. गाणं नाही, ताल नाही. ऑर्केस्ट्रातले म्हणायचे, हे वाजवलंस तर वरात जागेवर बसेल. पण जळगावच्या रेडिओ केंद्रावर एक साहेब होते, त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, पंधरवड्याला पाव तास देतो, बघू लोक काय म्हणतात. कार्यक्रमाला 'ऐकलेलं' हे नाव मीच दिलं. लोक ऐकायला लागले. ट्रकवाले ऐकायचे, हॉटेलवाले लावून ठेवायचे. मला माहीत होतं, काम चांगलं होतंय.

मग वाफेची इंजिनं बंद होणार असं ठरलं. शेड थंड व्हायच्या आत मी परवानगी काढून चार-पाच दिवस तिथले आवाज टेपवर घेतले. नाना तेव्हा रिटायर झालेले. त्यांना मी सांगितलं नाही. काय सांगणार? ज्या आवाजाने तुमचे कान खाल्ले, तो मला सुंदर वाटतो, त्याचं मी संगीत करतोय, असं? त्यांनी खुणेने विचारलं, या वेळी काय? मी केळीच्या पानासारखा हात हलवला, म्हणजे वारा. ते बरं म्हणाले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी घरी नेहमीसारखी मंडळी जमली. शेजारच्या मालतीवहिनी, आणि नानांबरोबर काम केलेले सुपडूभाऊ आणि रऊफचाचा. दोघांचेही कान अर्धेमुर्धेच, म्हणून रेडिओ पूर्ण मोठा. पहिला घण पडला आणि रऊफचाचा ताठ झाले. अबे सुपडू, ये तो अपनाच शेड है. सुपडूभाऊ म्हणाले, काय? चाचांनी मग तोंडाचा नाद सोडला आणि डोक्यावर मूठ ठेवली. सुपडूभाऊंनी ओठाला बोटं लावली. दोघं हसायला लागले, हात चालायला लागले, आणि नाना एकदा यांच्याकडे, एकदा रेडिओकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही हात वर केले. तिघं म्हातारे आपले हातांनी भांडताहेत, एकमेकांना साहेबाच्या नावाने शिव्या देताहेत, आणि रेडिओत ते सगळं लोखंड वाजतंय. मी खाली बघत होतो.

संपल्यावर नाना मोठ्याने म्हणाले, त्यांना हळू बोलता यायचंच नाही, हे तू मले काहून नाही सांगितलं? मी त्यांच्या उजव्या कानाशी गेलो आणि ओरडून म्हणालो, नाना, तुमचे कान यानेच गेले ना. सगळ्यांसमोर म्हणालो. नाना म्हणाले, गेले तर गेले, त्या कानांनी पस्तीस वर्षं घर चालवलं. मग म्हणाले, भोंगा घेतला का? मी म्हणालो, कार्यक्रमात नाही घेतला. मग काय घेतलं तू, भोंगा झाल्यावर बठ्ठे घण, सगळेच्या सगळे, एकदम थांबतात, त्या टायमाले जे ऐकू येतं ते खरं, मले तेवढंच आठवतं, ते घे.

भोंगा माझ्या दुसऱ्या टेपवर होता, आणि त्यानंतरची शांतताही, कुठेतरी वाफ सुटल्यासारखी, ती पण विरत गेलेली. मी ती घेऊन रेडिओच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, अहो, रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड, लोक रेडिओ बदडतील, आधी निवेदन करू. मी म्हणालो, निवेदन केलं तर ती शेडची राहणार नाही. साहेबांनी बोटांनी टेबल वाजवलं. मग म्हणाले, ठीक आहे, पण तक्रारी आल्या तर कार्यक्रम बंद, मला सांगायला येऊ नका. मी म्हणालो, चालेल. मला भीती वाटली नाही. शांतता चांगली होती.

त्या संध्याकाळी घण वाजले, भोंगा झाला, रऊफचाचांनी हवेत दोरी ओढली, आणि मग काहीच नाही. चाचांचे हात मांडीवर आले. सुपडूभाऊंचेही. मालतीवहिनी उठल्या, अगं बाई, गेला वाटतं रेडिओ, म्हणत थापट मारायला निघाल्या, तर नानांनी त्यांचा हात धरला. हात नको लावू पोरी, चालूच आहे, सुट्टी झाली. सगळे बसून राहिले. नानांना रोज जेवढं ऐकू यायचं, तेवढंच त्या वेळी आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. नानांनी माझ्याकडे बघून मान डोलवली आणि पहिल्यांदाच मी ती बघू शकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं. भाऊ, काल संध्याकाळी मधेच मुका झाला, मग आपोआप सुरू झाला, बघा जरा. मी उघडला, धूळ झटकली, परत दिला, आता होणार नाही म्हणालो. ते खोटं होतं, कारण साहेबांनी सकाळीच निरोप पाठवला होता, तक्रार एकही नाही, दर वेळी शेवटी तशीच शांतता ठेवा.

नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. कार्यक्रम चालू आहे. शेडची टेप कोणी मागितली की मी दुकानात लावतो, आणि घण थांबल्यावर गिऱ्हाईक उठायला लागलं की त्याला बसवून ठेवतो, टेप संपून बटण आपलं आपण वर येईपर्यंत. तुम्हीही टेप मागितलीत, तर बसा तेवढा वेळ, तुमच्या गाडीला अजून अवकाश आहे. आणि तुमचे कान शाबूत राहोत, म्हातारपणापर्यंत.