एकवीस पावलांचे टायर

...आणि वरून मलेच म्हणतात, 'मास्तर, पाच वाजता तुमची गाडी घेऊन येजा, जरा ब्रेक मारून पाहाचा आहे.' आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक कोणी मारून पाह्यते काय? तोही झडीत, कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, ऑइलपेंटची पांढरी रेघ ओढून? पण रूपरावजी पडले शेजारी, भिंतीले भिंत, आणि माणूस असा की त्याईले नाई म्हणाले आपलं तोंड उचलत नाई. एकतीस वर्षं एसटी चालवली त्याईनं, वर्धेहून निघाले की घाट म्हणू नका, खड्डे म्हणू नका, आणि एकतीस वर्षांत बकरीलेही धक्का नाई. शेवटच्या दिवशी डेपोत हार घातला तं भाषणात म्हणाले, 'गाडी ड्रायव्हर चालवते, टायर नाई चालवत.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आता कबूल कराले काय जाते.

तं झालं असं, त्याईचा मुलगा धनंजय, पुण्याले असते, त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी एसयूव्ही बापाले आणून देली. गाडी चांगली, एसी चांगला, गाणे वाजते, सगळं. टायर तेवढे सहा वर्षांचे. मनकर्णाबाई, म्हणजे रूपरावजीच्या घरच्या, त्या एकदा म्हणाल्या, 'काहो, टायर जरा घासल्यावानी दिसून राह्यले.' तं हे म्हणतात, 'तू भाजीतलं मीठ पाहाय, चाकाचं मी पाह्यतो.' बायकोचं ऐकलं असतं तं मले आज तुमच्यासमोर घसा कोरडा कराची काई गरज नव्हती, पण जाऊ द्या.

आखाडात झड लागली. सहा दिवस सूर्य नाई. आणि नेमकं तेव्हाच दोघं निघाले पुलगावले, बाईच्या बहिणीकडे. रस्ता ओळखीचा, डोळे मिटून चालवतील असा. काटा साठच्या वर नाई, हे मनकर्णाबाई शपथेवर सांगतात. एका सखल जागी डांबरावर पाणी साचलं होतं, फार नाई, ताटलीत वरण पसरते न, तेवढं. गाडी त्यावर गेली आणि रूपरावजीच्या हातातलं स्टिअरिंग हलकं झालं. मले त्याईनं मागून सांगितलं, 'मास्तर, असं वाटलं का खालचा रस्ता कोणी काढून घेतला.' ब्रेक मारला तं काई नाई, फिरवलं तं काई नाई, गाडी सावकाश, अगदी आरामात, आपल्या मनानं गिरकी घेऊन बाजूच्या सोयाबीनमध्ये जाऊन बसली, तोंड परत वर्धेकडे. जसं काई म्हणत होती, चला घरी.

दोघांले खरचटलंही नाई. उपकार म्हणा बापा, उपकार.

वावर होतं नागसेनचं. तो पोरगा बांधावरून पाहूनच राह्यला होता. आला, आधी मनकर्णाबाईले हात धरून उतरवलं, डोक्यावर खताची रिकामी थैली देली, मग ट्रॅक्टर आणला, चिखलात पोटावर झोपून साखळी बांधली आणि गाडी रस्त्यावर काढून देली. रूपरावजी खिशात हात घालून राह्यले तं म्हणे, 'राहू द्या काका, घरच्या माणसाकडून घेते काय कोणी.' आता पाहा, त्याच्या सोयाबीनच्या दोन ओळी चिरडल्या, आणि हेच म्हणजे घरचे माणसं. मग त्यानं वाकून टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, 'काका, राग नका मानू, पण आमच्या माईची परात याच्यापेक्षा खरबरीत आहे.'

बस. एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरले हे ऐकावं लागलं.

त्या दिवशी गाडी घरी कशी आणली ते रूपरावजीलेच माहीत. वीसच्या वेगानं आणली, दारात लावली, चाबी खुंटीवर अडकवली आणि दुसऱ्या दिवशी वही काढली. म्हणाले, 'आता मी टायरचा अभ्यास करतो.' केला न. असा केला का आमच्या शाळेत पोट्टे दहावीले करत नाईत. वर्धेतल्या सगळ्या दुकानांत गेले, पायी. महाग नको, हलका नको, मधल्या भावातला पाह्यजे, आणि पावसात धरला पाह्यजे. एक दुकानदार म्हणे, 'हे घ्या जी, कडक रबर, ऐंशी हजार किलोमीटर पाहाचं काम नाई.' रूपरावजीचा प्रश्न, 'पाण्यात?' तो म्हणे, 'ऐंशी हजार जी.' 'अरे पण पाण्यात?' 'काका, ऐंशी हजार.' दुसरा म्हणे, 'हे पाहा, जंगलात चालणारे, मोठमोठे ठोकळे, गाडी कशी वाघावानी दिसते.' रूपरावजीले वाघ नव्हता पाह्यजे, त्याईले ब्रेक पाह्यजे होता. तिकडून धनंजय रोज पुण्याहून व्हिडिओ पाठवे, एक गोरा माणूस तळ्यावानी रस्त्यावर गाडी चालवते आणि इंग्रजीत बोलते, आणि मनकर्णाबाई म्हणत, 'तो काय म्हणते ते सोडा, थांबली का नाई ते सांगा.'

शेवटी योगेंद्र भेटला, टायरवालाच, पण सरळ बोलणारा. त्यानं समजावून सांगितलं का बावा, टायरच्या खाचा पाणी बाजूले फेकतात, खाचा घासल्या का टायर पाण्यावर तरंगते, आणि नरम रबर ओल्या डांबराले धरते पण लवकर झिजते. कडक टिकते पण सरकते. ठोकळेवाला चिखलात राजा, ओल्या डांबरावर मात्र साधारण, आणि आवाज करते चक्कीवानी. 'सगळं एका टायरात भेटत नाई काका, तुम्हाले काय पाह्यजे ते ठरवा.' रूपरावजी म्हणाले, 'ऐकलेलं नाई चालत, पाहू.'

आणि म्हणून, तुम्हाले सांगतो, म्हणून मी जिनिंगच्या मागं उभा. माह्या गाडीले कडक रबर. बंडूजी कापडवाले, त्याईच्या गाडीले ठोकळे. आणि योगेंद्रच्या स्वतःच्या गाडीले नरम. चाळीसच्या वेगानं यायचं, रेघेवर ब्रेक दाबाचा, आणि गाडी थांबली का मनकर्णाबाई छत्री घेऊन रेघेपासून पावलं मोजणार. टेप होता जी घरी. पण त्या म्हणे, 'पाय माहे आहेत, खोटं बोलत नाईत.' तीन-तीन वेळा मोजलं. बंडूजीची अठरा पावलं. योगेंद्रची पंधरा. आणि माह्यी... एकवीस. एकवीस पावलं. तिथं माह्यी बायको उभी होती. तिनं आधी माह्या टायरकडे पाह्यलं, मग माह्याकडे.

मी रूपरावजीले म्हटलं, 'एकदा तुम्ही चालवून पाहा न.' तं म्हणाले, 'मले लिहाचं आहे.' मले काई समजलं नाई. मनकर्णाबाईले समजलं होतं. महिनाभर चाबी खुंटीवर होती. नरम रबराचे टायर आले, योगेंद्रनं घरी येऊन बसवून देले, तरी चाबी खुंटीवर. आधी म्हणे हवा पाहू दे. मग म्हणे नवं रबर आहे, जरा बसू दे. मग म्हणे आज आभाळ आहे. आभाळासाठीच तं आणले होते टायर. खरं असं होतं का गाडीत बसले का त्याईचा उजवा पाय थरथरे. एकतीस वर्षं चाळीस-चाळीस माणसं मागं बसवणारा पाय. कोणाले सांगणार?

मग मनकर्णाबाईनं काय केलं असेल? रडल्या? भांडल्या? नाई. एका सकाळी भर पावसात डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले, नागसेनच्या माईसाठी लुगडं घेतलं, आणि जाऊन गाडीत बसल्या, पुढच्या सीटवर, पदर सावरून. म्हणाल्या, 'त्या पोराचं आपण नाव नाई घेतलं महिनाभर. चला.' रूपरावजी म्हणाले, 'पाऊस थांबू दे.' त्या म्हणाल्या, 'तो पोरगा काय पाऊस थांबासाठी थांबला होता?' आणि मग हळूच म्हणाल्या, 'मी आहो न तुमच्या बाजूले, काई होत नाई.'

अशी बायको भेटणं, उपकार म्हणा बापा, उपकार.

निघाले. चाळीसनं, मग पंचेचाळीसनं. ती सखल जागा आली, पाणी तसंच, गाडी सरळ निघाली, आणि रूपरावजीनं श्वास सोडला न सोडला तं समोर बाभळीमागून म्हैस. आडवी. उभी राहून रवंथ करून राह्यली. त्याईनं ब्रेक दाबला. पाय थरथरला नाई, कारण विचार कराले वेळच नव्हता. टायरनं डांबर धरलं, गाडी सरळ रेषेत थांबली, आणि म्हशीनं एकदा वळून पाह्यलं आणि निघून गेली. रूपरावजी स्टिअरिंग धरून बसून राह्यले, डोळे भरले, म्हणे, 'थांबली.' बाजूले पाह्यतात तं मनकर्णाबाई नाईत. त्या छत्री घेऊन उतरल्या होत्या आणि बंपरपासून म्हशीच्या जागेपर्यंत पावलं मोजून राह्यल्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, 'सहा शिल्लक. लिहा वहीत.'

नागसेनच्या घरी त्याच्या माईनं चहा केला. रूपरावजी रस्ताभर भाषण जुळवत गेलते, पण तिथं लाडवाचा डबा हातात देला आणि नुसता त्या पोराचा हात धरून बसले. त्यालेही अवघडल्यावानी झालं, म्हणून तो उठून बाहेर गेला, टायरच्या खाचेत बोट घातलं आणि म्हणाला, 'आता बसते काका, पुरं नख बसते.' तेवढंच. दोघंही हसले. त्याची चिरडलेली सोयाबीन, म्हणे, बाजूनं पुन्हा फुटली होती.

आता तुम्ही म्हणाल, सगळं चांगलंच झालं मग, मास्तर तुम्ही कुरकुर काऊन करता? मी कुठं करतो? मी तं आभारीच आहे. रूपरावजी पुन्हा उभे राह्यले, गल्लीतल्या प्रत्येकाच्या टायरची खाच वाकून पाह्यतात, दोघांले तं त्याईनं पुढची झड लागाच्या आधी टायर बदलवाले लावले, कोणाचा जीवही वाचला असेल, कोणाले माहीत. फक्त एवढंच झालं का त्या संध्याकाळी माह्या बायकोनं पाह्यलं होतं, तेव्हापासून आभाळ आलं का ती माह्या गाडीत बसत नाई. परवा बाजारात जायचं होतं, झड लागली, मी आपली गाडी काढली, पुसली, दार उघडून उभा राह्यलो, तं ती छत्री घेऊन सरळ शेजारी, रूपरावजीच्या गाडीत, मनकर्णाबाईच्या बाजूले. मी काय केलं म्हणता? गाडी बंद केली, आणि पुढच्या सीटवर रूपरावजीच्या बाजूले जाऊन बसलो, पिशव्या मांडीवर घेऊन.