निमंत्रकाचं नाव

प्राची : मेसेजमध्ये ‘कॅन्सल’ नको गं आकांक्षा. हॉटेलातली ऑर्डर कॅन्सल केल्यासारखं वाटतं. लग्न आहे ते माझं.

आकांक्षा : मग ‘पोस्टपोन’ टाक ना. सगळे तेच टाकतात. दोन महिन्यांनी कोण विचारतंय?

प्राची : पोस्टपोन म्हणजे पुढे होणार. विनीतशी मला करायचंच नाहीये, मग पुढे काय ढकलू?

आकांक्षा : ‘बॅक आउट’?

प्राची : ते घाबरून पळाल्यासारखं वाटतं.

आकांक्षा : तू आणि घाबरून! फायर ब्रिगेडच्या भरतीला एवढ्या उंचावरून खाली जाळीत उडी मारलीस, तेव्हा कुठे घाबरलीस?

प्राची : जाळीत उडी मारणं सोपं असतं गं. सकाळी बाबांना सांगितलं ना, ते कठीण होतं. म्हटलं, विनीतच्या घरचे म्हणतात लग्नानंतर फायर ब्रिगेडमध्ये जायचं विसर, आणि तोपण मान खाली घालून बसला. मी नाही करणार हे लग्न. बाबा एक शब्द बोलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघून गेले. फोन पण घरीच. चार वाजायला आले बघ.

(रामजी दारात चपला काढतात.)

रामजी : काय गं पोरींनो, जेवलात की नाही?

प्राची : बाबा! कुठे होतात सकाळपासून?

रामजी : आमंत्रणं द्यायला जसा फिरलो होतो, तसाच फिरलो. पहिली पत्रिका विहारात ठेवली होती, म्हणून पहिलं तिथे सांगितलं. मग आपल्या चाळीत तळमजल्यापासून एकेक दार.

आकांक्षा : काका, एवढ्या सगळ्यांकडे? एक मेसेज टाकला असतात तर?

रामजी : ज्याला घरी जाऊन ‘या’ म्हटलं, त्याला ‘येऊ नका’ फोनवर सांगायचं? बरं दिसतं का ते? पण चहाने पोट फुगलंय माझं. जयभीम करून टेकलो की कप पुढे.

प्राची : काय सांगितलंत त्यांना?

रामजी : लग्न होणार नाही. प्राची नाही म्हणाली.

प्राची : माझं नाव घेतलंत?

रामजी : तळमजल्यावरच्या रमाबाई पण हेच म्हणाल्या. भावजी, पोरीचं नाव कशाला मध्ये आणता, पुढे ढकललं म्हणा. मी म्हटलं, का? नाव लपवलं तर लोक समजतील पोरीनेच काहीतरी वाईट केलं. काय वाईट केलंय तिने?

आकांक्षा : काका, खरंच मानलं तुम्हाला! मी इथे तासभर पोस्टपोन-पोस्टपोन करत बसलेय.

प्राची : आणि अँटॉप हिलला? विनीतच्या घरी कोण सांगणार?

रामजी : तिथूनच येतोय.

प्राची : एकटे गेलात? ओरडले असतील ते.

रामजी : ओरडले. ओरडणारच ना, त्यांच्या घरात पण तयारी चालू होती. ऐकून घेतलं. शेवटी विनीतचे वडील म्हणाले, मुलीला जरा समजवा. मी म्हटलं, सकाळी तिनेच मला समजावलं. पाणी प्यायलो आणि निघालो.

प्राची : मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. काहीच बोलला नाहीत.

रामजी : बोललो असतो तर रडू आलं असतं मला. मग तू उगाच लग्नाला हो म्हणून मोकळी झाली असतीस. ओळखतो तुला.

प्राची : बाबा...

रामजी : बरं, आता कोण राहिलं सांगायचं?

प्राची : माझ्या आताच्या ऑफिसचा ग्रुप. तिकडे कोणाला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीत लिहितोय. बघा, हे बरोबर वाटतं? ‘आय ॲम कॉलिंग ऑफ माय वेडिंग.’ म्हणजे, मी माझं लग्न मोडतेय.

आकांक्षा : हां! हेच टाक. ह्यात पळणं नाही, ढकलणं नाही.

रामजी : खाली नाव कोणाचं टाकलंस?

प्राची : माझंच. अजून कोणाचं टाकणार?

रामजी : पत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून माझं नाव होतं ना? मग इथे पण तुझ्या नावाखाली माझं टाक.