सासूबाईंचे मासे

मी किती हुशार बाई आहे ते आज सांगतेच तुम्हाला. अर्धांगाच्या झटक्यानंतर सासूबाईंचा उजवा हात हलंना, म्हणून लेकीच्या जुन्या, टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर त्यांना रिमोट हलवून मासे पकडायचा गेम लावून दिला. लई नाद लागला. रोज चार वाजता रिमोट घेऊन बसायच्या. दोन महिन्यांत त्याच हातानं चहाचा कप धरायला लागल्या.

मग लेकीचा पुण्याहून फोन. "मम्मी, त्या मशीनची कंपनी भारतातलं गेमचं ऑनलाइन दुकान आज बंद करतीय. दुपारपर्यंत काय घ्यायचं ते घेऊन ठेव."

आपण वर्षाची ज्वारी भरणाऱ्या बायका. नवी भरायच्या आधी कोठी रिकामी करून पुसायची, ही सवय. मी मशीनमधलं सगळं पुसलं आणि एकदम पाच गेम भरायला लावले. तेवढ्यात लाईट गेली. आली तेव्हा दुकान बंद, आणि मशीनमध्ये एकही गेम उतरला नव्हता.

लेक म्हणाली, "अगं, जुना गेम कशाला पुसलास?"

"विकतचा होता, परत मिळंल वाटलं की."

"दुकानच नाही, तर देणार कोण?"

चार वाजता सासूबाई येऊन बसल्या. "माझं मासं कुटं गेलं गं?"

"दुकान बंद झालंय, आत्या."

"मग उद्या उघडंल की."

हाताच्या व्यायामाला म्हणून दाबायला चेंडू दिला, तर म्हणाल्या, "मी काय ल्हान हाय व्हय?" महिना झाला, रोज चारला नुसत्याच टीव्हीसमोर बसून वाट बघतात.

काल मी नुसताच रिमोट पुढं केला, तर म्हणाल्या, "डाव्या हातात दे. उजवा उचलंना गं आता."