बाबांच्या अंगाचा वास

कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. पायाशी खोक्यांची चळत, आणि नारळ-व्हॅनिलाचा असा घमघमाट, की आमच्या वेळची पावडर त्यापुढे बिचारी वाटावी.

"आई, हो म्हण ना. नव्या लोशनवर बाबांचा होडीतला फोटो. खाली एकच ओळ, 'माझ्या बाबांच्या अंगाला यायचा तो समुद्राचा वास.'"

"तुझ्या बाबांच्या अंगाला व्हॅनिलाचा वास कधी आला गं?"

"लोकांना समुद्र असाच हवा असतो. पहिल्या लोशनला खारा वास होता, तर एक बाटली खपली नाही. हा आणला आणि आता मॉलवाले मागे लागलेत."

"माझ्या पातेल्यात ढवळत होतीस तोवर बरं होतं. अगं, डिझेल आणि मासळीचा वास घेऊन यायचे ते. अंगणात दोन बादल्या ओतून घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडू द्यायची नाही."

"मग तो वास कोण विकत घेणार, सांग."

"कोणी नको घ्यायला. फोटो लाव, ओळ काढ."

"ओळीशिवाय फोटोला काय अर्थ? आणि आता बाबा नाहीत, कुणाला कळणार आहे?"

"मला कळतं ना. ते गेल्यापासून मी रोज मासळीबाजारातून घरी येते. लांब पडतं, काही घ्यायचंही नसतं."

"आई, तू हे कधी बोलली नाहीस."

"पुढे सरक. आपला नंबर आला."