गुडघ्यांवरचा सॅन्टन

...आणि वर लोक मलाच सांगतात, नशीब काढलंस गं क्लेमेंटीन. तुम्हाला सांगते, दोन वर्षं हे नशीब ऐकून घेतलं मी. माझा नवरा सॅन्टन, नाव घेते, आता रागवायला तो आहे कुठे, रविवारी देवळात शिरला की जे गुडघे टेकायचा ते मिस्सा संपेपर्यंत. सगळे बाकावर बसले तरी हा गुडघ्यांवर, प्रवचन लांबलं तरी हा गुडघ्यांवर. अख्ख्या गास गावात नाव झालं. फादर प्रवचनात म्हणाले, "सॅन्टनकडे बघून शिका जरा." आणि मी बायकांच्या बाजूला मान ताठ करून बसलेली, मूर्खासारखी. अहो, बसता येत नव्हतं त्याला. मूळव्याध. मला सांगितलं? नाही.

भाजीच्या पाट्या सायकलवर घालून नालासोपारा स्टेशनला न्यायचा, तर सायकल हातात धरून चालायला लागला. म्हटलं, "सायकल काय मिरवायला घेतली?" तर म्हणे, "चालणं बरं असतं तब्येतीला." सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा. शेजारची लूर्डस म्हणते, "आमचा मेला रुमाल धूत नाही, तू नशीब काढलंस गं." मीपण हसले. रक्त धूत होता तो, रक्त... चोवीस वर्षांचा संसार, पाच पोरं, आता कसली लाज उरली होती हो आमच्यात? पण मला सांगितलं? नाही.

सांगितलं कोणाला, तर बाजारातल्या जडीबुटीवाल्याला. त्यानं याच्या बोटात लोखंडी अंगठी घातली, म्हणे मूळव्याध उतरते. मला वाटलं, बाई आहे कोणीतरी. आठ दिवस बोलले नाही मी, आणि त्यानं तसंच वाटू दिलं मला. बाई चालली त्याला, मूळव्याध नाही चालली.

मग एका रविवारी गुडघ्यांवरूनच आडवा झाला. लोक कुजबुजले, भक्तीत भान हरपलं. मी त्याच्या पांढऱ्या पॅन्टची मागची बाजू बघितली.

मुंबईच्या डॉक्टरनं तपासलं, मला बाहेर बोलावलं. "बाई, साधी मूळव्याध असती तर एवढं काही नव्हतं. भाजीपाला खायचा, पाणी भरपूर प्यायचं, संडासात कुंथत बसायचं नाही, कोमट पाण्यात बसायचं, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पण रक्त पडलं की दाखवायचं. प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं." आत गाठ होती. दोन वर्षं वाढत होती. भाजीपाला म्हणे... आमच्या वाडीची भाजी मुंबई खाते, आमच्या ताटात सुका बोंबील नि मिरची.

शेवटी शेवटी खाटेपाशी बसून विचारलं, "मला का नाही सांगितलंस रे?" भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू गावभर केलं असतंस."

केलं असतं. खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडाला कुलूप कधी होतं? गावभर केलं असतं, लोक हसले असते, आणि त्या हसणाऱ्यांतलाच एखादा म्हणाला असता, अगं, डॉक्टरकडे ने त्याला.

तो जाऊन महिना झाला, त्या मिस्साला गावातली थेरेसा डोळे पुसत विचारते, "एवढं गुडघ्यांवर राहून देवाकडे मागत तरी काय होता गं तो?"

म्हटलं, क्लेमेंटीनला कळू नये, एवढंच. ऐकलं देवानं.