कोमट पाणी

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, काष्टीहून मुद्दाम आलेले पाहुणे, माझ्या जागी येणारे तरुण वैद्य राधाकृष्ण, आणि समोर बसलेल्या मायबहिणींनो, बांधवांनो,

शाल दिलीत, नारळ दिलात, मी आभारी आहे. अध्यक्षांनी आत्ता सांगितलं, की दुष्काळात राहीबाईंचं पोर मी मरणाच्या दारातून ओढून आणलं. टाळ्याही झाल्या. तेव्हापासून ही शाल मला टोचते आहे.

लहान लेकराचं पोट अडलं, की पंचक्रोशी माझ्याकडे यायची. सहाणेवर हिरडा उगाळून द्यायचा, काळ्या मनुका कुस्करून द्यायच्या, पोटाला एरंडेल चोळायला सांगायचं. आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य, "पाणी कोमटच पाजा, गार शिवू देऊ नका." पंचवीस वर्षं हेच म्हणत आलो. त्यात चूक ती काय?

राहीबाई तेव्हा खडी फोडायच्या कामावर होत्या. दोन वर्षांचा कानिफनाथ, रेशनच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी खाऊन पाच दिवस अडलेला. मी हिरडा दिला, वाक्य म्हटलं. तीन दिवसांनी त्यांनी पोर परत आणलं, ते डोळे खोल गेलेलं, जीभ कोरडी पडलेली. मी चारचौघांदेखत ओरडलो, "औषध बुडवलंस ना?"

"न्हाई वैद्यबुवा, येळच्या येळी चाटवलं."

आमच्या दवाखान्यातल्या दाई मालनबाईंनी हळूच विचारलं, "पानी किती पाजलं गं?"

"कामावर चूल कुटं हाय? गार देऊ नगा म्हनले हुते. सांजच्याला घरी गेल्यावर वाटीभर ऊन करून पाजायचे."

मालनबाईंनी दिवस मावळेपर्यंत चमच्याचमच्याने मीठ-गुळाचं पाणी पाजलं. पोर त्यांनी वाचवलं. मी काय केलं? दारात जमलेल्या बायांना सांगितलं, "आईची हयगय, दुसरं काय." गावाने तेच धरलं. राहीबाई वर्षभर टोमणे खात आहेत, हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. वैद्याचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?

राधाकृष्ण, आपलं शास्त्र खरं आहे. पण पथ्य सांगण्याआधी चूल कुठे आहे, तेवढं विचारत जा.

सत्काराबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते सभेने पोटात घालावं. राहीबाई, तुम्ही मागे दाराशी बसला आहात. हयगय माझी होती. तुम्ही तर माझा शब्द पाळलात. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभं राहून जे सांगायला हवं होतं, ते आज गावासमोर हात जोडून सांगतो. मला माफ करा.